हजेरीपट

नारिनच्या शाळेतलं कपाट झाडताना
सायकालबाईंच्या हाती तीन वह्या आल्या.
पहिलीत नावं उजवीकडून चालत आलेली,
दुसरीत डावीकडून, लॅटिन अक्षरांत,
तिसरीत रशियन वळणाची, शाई अजून जांभळी.
मेंढ्यांमागे गेलेला गैरहजर
मात्र तिन्हींत आहे.

दुसरीत एक नाव खोडलंय.
कारणाचा रकाना कोरा.
त्याच आठवड्यात म्हणे बापाला नेलं होतं,
तेही सरकारी शिक्क्यानंच.

भिंतीवरचे फोटो किती उतरले!
खिळा तेवढा राहिला,
बाई त्याला बर्फानं भिजलेला कोट अडकवतात.

चौथी वही आखताना
कारणाच्या रकान्यापाशी पट्टी अडली.
मग त्यांनी तो जरा रुंदच ठेवला.

बेक्तुर आजही आला नाही.
वरच्या कुरणात असेल.