ढिड्ड

ट्रान्सपोर्ट नगर, ग्वाल्हेर. ऑफिस म्हणजे दोन टेबलं,
तारेत टोचलेल्या बिल्ट्या, गणपतीचं कॅलेंडर,
आणि मी, रेवती मोहिते, रोकड व खतावणी.
त्या दिवशी संकष्टी होती.
साडेचारला डिझेलच्या पावत्या जुळेनात
आणि तोंडून निघून गेलं, शब्द हिंदी, पोट मराठी:
"पेट में कौए चिल्ला रहे हैं."

पंख्याखालचे तिघंही थांबले.
क्लीनरनं वर पत्र्याकडे पाहिलं.
मुनीमजी म्हणाले, कौए नहीं, चूहे. कूदते हैं.
लखबीर ड्रायव्हर पगडीसकट हलून हसला:
"कूदते कहाँ जी, साडे तां नच्चदे ने.
ढिड्ड विच चूहे नच्चदे ने!"

मग माझी शिकवणी.
मी छातीतून ढ काढला, दणदणीत, शाळेतला.
तसा नाही म्हणाला. तोंड ट चं, आवाज मात्र
एक पायरी खाली उतरलेला,
जसा ट्रक उतारावर गिअर पाडतो.
दहा वेळा म्हटलं. दहा वेळा हसले.
आमच्यात ढ कुणाला म्हणतात, ते काही मी सांगितलं नाही.

त्यालाही शिकवलं मग: पोटात कावळे कोकलतायत.
कोकलतायतपाशी त्याची गाडी दर वेळी पंक्चर.
म्हणाला, तुमची भूक ओरडते, तक्रारखोर.
आमची बघा, लग्नाच्या वरातीत.
मी म्हटलं, आमच्यात कावळा म्हणजे गेलेली माणसं,
भाताच्या गोळ्याकडे बघत बसलेली;
कदाचित तीच ओरडत असतील आतून,
माझे आबा, आबांचे आबा,
ज्यांना कुणी वेळेवर वाढलं नाही.
बोलून गेले आणि वाटलं, उपास डोक्यात गेला.

तो हसला नाही.
काचेचा ग्लास टेबलावर फिरवत राहिला.
म्हणाला, चूहे तेव्हाच नाचतात, मॅडमजी,
जेव्हा त्यांना ठाऊक असतं की रोटी येणार आहे.
एकदा तीन दिवस एका गोदामात होतो,
शटर आतून ओढलेलं, बाहेर धूर.
पहिल्या दिवशी नाचले.
दुसऱ्या दिवशी बसले.
तिसऱ्या दिवशी आत कुणीच नव्हतं.
त्याला काय म्हणतात, आमच्याकडे शब्द नाही.
तुमच्याकडे आहे?

मी पोचपावतीवरसुद्धा तारीख मागणारी बाई.
साल विचारलं नाही.
पावत्या सरळ केल्या. त्या आधीच सरळ होत्या.

तोच मग उठला, म्हणाला, चला वर किल्ल्यावर,
गुरुद्वाऱ्यात लंगर चालूच असतो,
दाल, रोटी, कुणी नाव विचारत नाही.
मी म्हटलं, आज चंद्र बघितल्याशिवाय नाही.
पंचांगात चंद्रोदय नऊ बारा,
पण बहोडापूरकरांचा कधीच नऊ बाराला होत नाही,
पूर्वेला किल्ला आडवा पडलेला.
आमच्या उपासात अर्धा तास दगडाचा.

रात्री गच्चीवर ताम्हन घेऊन उभी राहिले.
वर किल्ल्यावर गुरुद्वाऱ्याचे दिवे,
तिथे ह्या क्षणी कुणीतरी पोळी उलटत असणार.
आणि तेव्हा आठवलं,
कॅलेंडरातल्या गणपतीच्या पायाशी
लाडू धरून बसलेला तो कोण?
सकाळपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.
एकटीच हसले. शेजारच्या गच्चीवरच्या सूनबाई म्हणाल्या,
दिसला का हो?
म्हटलं, अजून नाही. पण नाचतोय.

आता लखबीर आग्रा-मुंबई रस्त्यावर असतो.
दुपारी कधीतरी फोन वाजतो, मागे ट्रकची घरघर,
ना सत श्री अकाल, ना गाडी नंबर, ना माल,
नुसतं, "काव काव, मॅडमजी. गुना. ढाबा बंद."
मी म्हणते, पुढचा बघा.
आणि फोन ठेवल्यावर, तो तीस किलोमीटर जाईपर्यंत,
माझा डबा मी उघडत नाही.