आठवडा ढकलायची भाजी

मक्याच्या पिठाची दोन किलोची कागदी पिशवी
कडेने उसवून मी उलटी पसरतो.
आतली बाजू कोरी. घडीत अजून थोडं पीठ.
त्यावरच आठवडा आखायचा.

रविवारची संध्याकाळ. अपोंडी रात्रपाळीला निघालीय.
दारात वाकून बूट घालताना म्हणते,
"सोपं लिही. तुला जमेल तेवढंच."

सोमवारी भोपळा. आम्हाला फोडी, अवूरला घोटून.
मंगळवारी ओमेना, सरोवरातली ती बोटाएवढी चंदेरी मासळी,
किबुयेच्या बाजारात डब्याने मोजून मिळते.
डोकी खुडायची, तिच्यापुरती भाजून कुटायची,
नाचणीच्या पेजेत चमचाभर.
बुधवारी हिरवे मूग
(खोडलं. दोनदा दिले, दोन्ही वेळा
चमचा तिला आवडला, मूग नाही).

लसीकरणाच्या सिस्टरने बजावलंय :
वर्षाची होईपर्यंत मीठ नाही.
तेव्हापासून माझ्या शेगडीवरचं सगळं गणित
एका चिमटीपाशी येऊन अडतं.
मिठाच्या आधी तिची वाटी बाजूला,
मग आमचं जेवण आमचं होतं.

दिवसभर मी सायकलींची चाकं सरळ करतो.
एक आरा आवळावा तर समोरचा सैल पडतो.
कोळसा महागला, अंडी बाद.
अंडी बाद, तर शुक्रवारी काय?

शुक्रवारी सुकुमा.
तशी ती गुरुवारीही आहे. आणि बुधवारी, मुगांच्या जागी.
सुकुमा विकी : नावाचा अर्थच 'आठवडा ढकल'.
ज्याने हे नाव ठेवलं
त्याने भाजीला नावं ठेवली नसणार.
आईने आम्हा पाच भावंडांना या पानांवर ढकलत
इथवर आणलं. तिने कधी कागद घेतला नाही.
रविवारी ती फक्त पिठाच्या डब्यात हात घालून
कोपरापर्यंत किती लागतं ते बघायची.

गुरुवारी अवूरची वाटी बाजूला काढली
आणि मीठ घालायचंच विसरलो.
ओडेरो जेवला. नावातच कणगी आहे त्याच्या,
त्याला अळणी काय, खारट काय.
अपोंडी पहाटे आली, झाकलेलं ताट उघडून
उभ्या उभ्या जेवली, काही बोलली नाही.
दुपारी डबा उघडला तेव्हा मला कळलं.
संध्याकाळी विचारलं, तर म्हणाली,
"मला वाटलं, माझीच जीभ दमलीय."

मी काय बोलणार?
मिठाची बरणी शेगडीजवळ आणून ठेवली.

शनिवारची जागा कागदावर कोरीच होती.
शेजारच्या ओगुटूने जाळ्यातला एक मासा दिला,
चाकाचे पैसे द्यायचे राहिले होते त्याबदल्यात.
चौघं एका वेळी जेवायला बसलो,
आठवड्यात पहिल्यांदा.
ओडेरोने उगालीचा गोळा बोटांनी दाबला,
रश्श्यात बुडवला,
आणि मांडीवरून झेपावून अवूरने त्याचा
हातातोंडाशी आलेला घास
खरोखरच हिसकावून घेतला.

सगळे थांबलो.
त्यात मीठ होतं. टोमॅटो होता, कांदा होता,
तीन तीन दिवस वाट पाहून द्यायच्या
किती गोष्टी एकदम होत्या.
दोन दातांनी तिने तो चिरडला,
तोंड असं केलं, जसं मध्यरात्री जन्मली तेव्हा
दिव्याकडे बघून केलं होतं,
आणि पुन्हा आ वासला.

ओडेरो रडायच्या बेतात होता.
मग त्यानेच दुसरा घास केला, लहान,
रश्श्यात न बुडवता.

रात्री मी पेन्सिल शोधून
शनिवारसमोर लिहिलं : ओडेरोच्या हातचं.
अपोंडीने खांद्यावरून वाचलं,
कागद उचलून घडीतलं पीठ
उरलेल्या पिठात झटकलं
आणि म्हणाली, "उद्या पेजेला होईल."