पाण्याखालचं नाव

आनंदवाडीच्या उतारावर जुलैत
होड्या वर ओढून ठेवतात,
ओंडक्यांचे टेकू देऊन, झापांखाली.
दोन महिने समुद्राशी कोणाची बोलाचाली नसते.
माझी तर कोणाशीच नव्हती.

बाबी कोयंडे आला, छत्री दाराशी निथळत ठेवली.
"तुझो बापूस घालायचो नावां. तुझां अक्षर तसांच आसा.
'जयवंती'चां पुसान गेलां."
सासू आतूनच म्हणाली, तिला बरं नाही अजून.
बरं नाही म्हणजे काय,
ते चार महिन्यांत घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

सातवा महिना होता.
ओरोसच्या दवाखान्यात नर्सने कागद भरला:
स्त्री. वजन अकराशे ग्रॅम.
नाव, आणि त्यापुढे एक आडवी रेघ.
पाळणा त्याच संध्याकाळी माळ्यावर चढला.
सगळे शहाण्यासारखे वागले.
फक्त दूध आलं,
त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मी गेले. का गेले, माहीत नाही.
घरातल्या पावलांचा आवाज नको होता, एवढंच असेल.
बापाचा ब्रश रॉकेलच्या डब्यात अजून मऊ होता.
बाप आधी रेघ मारायचा, सुतळी ताणून,
मग अक्षरं तिला टांगायचा,
काठीवर बोंबील टांगावेत तशी.
"रेघ सरळ तर नाव सरळ," म्हणायचा,
आणि विडी पेटवायचा.

'ज' वाकडा आला. पुसला. पुन्हा काढला.
'यवंती' होईतो दुपार झाली,
आणि आडवी सर आली खाडीकडून.
डबे घेऊन मी होडीच्या खाली शिरले.

खालून होडीचं पोट दिसतं.
खरवडलेलं, शिंपल्यांचे वण अंगभर,
एका ठिकाणी नवी फळी ठोकलेली, गोरी.
मी हात ठेवला त्या फळीवर.
बराच वेळ ठेवला.
बाहेर पाणी पडत होतं, आत कोणी नव्हतं,
आणि इथे काढलेलं
माशांशिवाय कोणाला दिसणार नव्हतं.

आधी एक तारली काढली, नीट नाही जमली.
मग शेवाळ, मग एक झबलं,
बाह्या नसलेलं, निळं,
साय धरलेल्या डब्यातल्या निळ्याचं.
मग रेघ मारली.
तीच, कागदावरची.
सुतळी नव्हती, तरी सरळ आली.

आणि पाहत राहिले.
चार महिने मी जिला शेवट समजत होते
ती नुसती शिरोरेघ होती,
खाली अक्षरं टांगायची राहिलेली.

तीन अक्षरं. एक वेलांटी.
वेलांटी काढताना मी रडले, मोठ्याने,
पत्र्यावरच्या पावसात ते खपून गेलं.

तिसऱ्या दिवशी बाबी वाकून आत आला,
बॅटरी मारली.
"ह्यां नाव कोणाचां?"

मी ब्रश पुसत राहिले. फडकं पुरेना.
"माझ्या चेडवाचां."

एवढंच.
पण घशातून ते वर येताना
गळ रुतलेला निघावा तसं आलं,
थोडं मांस घेऊन.

बाबीने बॅटरी विझवली.
"तांबडो मारूक होयो," म्हणाला, "नायतर लाकूड कुसतला."
"मार."
त्याने मारला. त्या फळीवर त्याचा हात
विनाकारण हळू चालला,
जागं होईल कोणी, अशासारखा.

नारळी पुनवेला 'जयवंती' पाण्यात गेली.
घरी आल्यावर मी सासूला तिचं नाव सांगितलं.
ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.
मग एक खडा हातात धरून म्हणाली,
"गोड आसा."

पाळणा अजून माळ्यावरच आहे.
काही रात्री अजून तशाच असतात.
पण सकाळी मी बंदरावर जाते,
आता तीन होड्यांची कामं आहेत, पैसे ठरवून घेते,
आणि लाटेवर 'जयवंती' कलली
की बुडातला तांबडा क्षणभर उघडा पडतो.

लोकांना तांबडा दिसतो.
मी वाचते.