शून्य त्रुटी

ताळगावच्या पठारावर वारा आधी खाडीचा वास आणायचा,
मग कॅन्टीनमधल्या पातळभाजीचा.
आम्ही अकरा जण. एम.एस्सी., फिजिक्स, पहिलं वर्ष.
बोरकर सर व्हर्नियर हातात देत म्हणायचे:
मोजायला लागण्याआधी त्याला विचार,
तुझं खोटं केवढं?

जबडे पूर्ण मिटले तरी
शून्यावर शून्य बसत नसे.
तो फरक वहीत सगळ्यात वर लिहायचा,
लाजायचं नाही.

बाबा बार्जवर होते.
खनिज भरताना बार्ज किती बसली
ते रंगाच्या रेघेकडे नुसतं बघून सांगत.
खाणी बंद पडल्या त्या पावसाळ्यात
मी त्यांना उत्प्लावक बलाचं सूत्र दाखवलं.
त्यांनी ते दोनदा वाचलं.
"एवढंच?" म्हणाले,
आणि गळका नळ काढून बसले.

डिचोलीची मावशी दर चतुर्थीला विचारायची,
हे शिकून कोण होतात गो?
मी म्हणायचे, शास्त्रज्ञ.
ती म्हणायची, ते कळलं. पण पगार कोण देतं?

शर्वाणी बांबोळीला आहे,
दीड मीटर जाडीच्या भिंतीमागे.
किरणांना वळण देते, मिलिमीटर मिलिमीटरने.
एकदा रात्री तिचा मेसेज:
आज एकाने विचारलं, दुखेल का?
माझ्या गणितात ते पदच नाही.

मेल्विनला दूरच्या आकाशगंगा हव्या होत्या.
तो आता मांडवीतल्या कसिनोच्या बोटीवर दिवे सांभाळतो.
म्हणतो, व्यतिकरण इतकं महाग
कुठल्याच प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं.
हसतो. मग गच्चीवर जाऊन
दिव्यांच्या उजेडात जे दिसत नाही
त्याच्याकडे बघत सिगारेट ओढतो.

तिघे शाळांमधून शिकवतात. दोघे परदेशी.
एक वेर्ण्याच्या कारखान्यात, पांढऱ्या बंद पोशाखात,
धुळीचे कण मोजतो.
काहींचं मला माहीत नाही.
तनय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात
वही बाकावर उघडी ठेवून निघून गेला.
आलेखावर चार बिंदू होते, रेघ काढायची राहिली होती.

आणि मी वजनमापे खात्यात.
पितळेची प्रमाणित वजनं, मखमलीची पेटी,
तिच्यावर बोटाचा ठसासुद्धा उमटू द्यायचा नाही,
घामाचंही वजन असतं.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार.
मासळीच्या ओळीत इनासिनाबाईचा तराजू:
दोन्ही पारडी रिकामी, तरी एक खाली.
बायका कुजबुजल्या, आता दंड.
मी वाकून पाहिलं,
झुकलं होतं ते वजनाचं पारडं.
त्याची तुटलेली कडी कोणीतरी बदलली होती,
बार्जच्या साखळीतली, जाड, काळी.
बाबांच्या खिळ्यांच्या डब्यात असते तसली.
चाळीस ग्रॅम.

"बाई, तुम्ही दर वजनाला चाळीस ग्रॅम जास्त देता.
कधीपासून आहे ही कडी?"
"घोव गेला त्याच्या आदल्या वर्साची. त्याणेंच घातली."
मी मनातल्या मनात गुणाकार करत गेले,
वर्षं, शुक्रवार, गिऱ्हाइकं,
आणि मध्येच सोडून दिला.

नियम दोन्ही बाजूंना सारखाच असतो.
कडी काढली, हलकी घातली,
काटा मधोमध आला, मी शिक्का मारला.
तिने जुनी कडी पदरात बांधली.

पुढचं गिऱ्हाईक आलं. अर्धा किलो तारले.
तिने अगदी काटेकोर तोलले,
माझ्याकडे बघत.
मग पिशवी बांधता बांधता
हाताने एक तारलो वर टाकला.

चाळीसच्या आसपास असेल.
मी मोजलं नाही.
पेटी मिटली आणि पुढे गेले,
खोबरेलवाल्याची मापं तपासायची होती.