चारशे तीस मायक्रॉन

मांगोर हिलच्या खालच्या अंगाला आमची शेड.
सकाळी आधी कोळसा धुवायचा.
बंदरावरून रात्रभर उडत येतो, बॉनेटवर बसतो,
आणि लोक तो कोरड्या फडक्यानं पुसतात.
म्हणून मला काम मिळतं.

ट्यूबलाइट आडवी धरली की दिसतं
दिव्याभोवती गोल गोल
कोळ्यानं विणावं तसं जाळं.
रावळू म्हणतो, रोटरी लाव, लोकरीचं पॅड, जाड कंपाउंड,
अर्ध्या तासात आरसा.
रावळू एकोणीस वर्षांचा आहे.

माझा बाप लाकडाला पॉलिश करायचा.
चंद्रस, स्पिरिट, जुन्या धोतराचा बोळा.
चांदोरच्या एका घरात शिसवी कपाटावर
त्यानं आख्खा मे महिना घातला होता.
तो थर चढवायचा, मी उतरवतो.
एवढाच फरक,
पण रात्री अंग टाकलं की मोठा होतो.

कारण वरचा पारदर्शक थर असतो किती?
चाळीस मायक्रॉन. नशीब असेल तर पन्नास.
कांद्याचा वाळका पापुद्रा.
त्यातलं जे खरवडून गेलं
ते वास्कोतल्या कुठल्याच दुकानात परत मिळत नाही.

म्हणून आधी मऊ.
निळ्या टेपनं आखलेला वीतभर चौकोन,
पांढरा फोम, फिनिशिंग पॉलिशचे मटाराएवढे चार थेंब,
डीए मशीन तीनवर.
ते फिरतं आणि फिरता फिरता डुलतं,
एकाच जागी अडून बसत नाही.
रोटरी अडून बसते, तापते, जाळते.
जाळं नाही निघालं, तर नारिंगी फोम.
तरी नाही, तर मायक्रोफायबर आणि कंपाउंड.
लोकर सगळ्यात शेवटी,
आणि दाराच्या कडेवर कधीच नाही.
इथली हवा ओली. पॉलिश सुकता सुकत नाही,
माणसाला वाटतं अजून बाकी आहे,
आणि तो घासत राहतो.

परवा सांतान आला, गर्द मरून गाडी घेऊन.
विकायची आहे, म्हणाला.
रंग कंपनीचा रे चारी, ब्रश लागलेला नाही.

मी मीटर टेकवला.
बॉनेट एकशे बारा. छप्पर एकशे आठ.
उजवी बाजू तशीच.
डावं मागचं दार: चारशे तीस.
पुसून परत टेकवला.
चारशे तीस.
रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली ठोकून सरळ केलेला पत्रा.
त्याच्या आत काय, ते मीटर सांगत नाही.

सांतान पॅडच्या रॅककडे बघत उभा होता.
हे नारिंगी कसलं?
कापतं.
आणि पांढरं?
ते फारसं कापत नाही. आहे तेच उजळतं.
मग त्या दाराला पांढरंच लाव, म्हणाला.

कुठलं दार, ते मी अजून बोललोच नव्हतो.

दुपारी त्या दाराला हात घातला.
बाकीच्या गाडीवर पॅड पांढरं राहिलं होतं,
इथं दोन फेऱ्यांत मरून झालं.
पारदर्शक थर नव्हताच वर, नुसता रंग,
कुणीतरी घाईत मारलेला, बहुतेक रात्री.
मी मशीन बंद केलं.
फडक्याचा बोळा केला आणि उरलेलं हातानं केलं,
हलकं, बोटांना कळेल एवढंच.
मागच्या सीटवर तेव्हा कोण बसलं होतं,
मी विचारलं नाही.

बिल लिहिताना म्हटलं,
घेणाऱ्यासाठी आकडे लिहून देऊ?
दे, म्हणाला.
रस्त्यावरून दोन टँकर गेले.
त्या दाराचापण दे.
चहा अर्धा ठेवून उठला.

रावळूनं ते पॅड साबणानं तीनदा धुतलं.
दोरीवर टाकलं तेव्हा गुलाबी होतं.
अजून वापरतो आम्ही ते,
टायरच्या रिमांना.