जाळं फाटतं ती जागा

सात दिवस आम्ही पाणी नांगरतो आहोत.
जायचं, वळायचं, तासाला तास लावत परतायचं,
बोटीच्या पोटातून आवाज खाली सोडायचा
आणि तो कसा परततो ते ऐकायचं.
मऊ गाळ आवाज गिळून टाकतो.
खडक तोंडावर फेकतो.
पडद्यावर तळ उमटतो: राखाडी, मग अधिक राखाडी,
आणि रागन्फ्रिड म्हणते, कॉफी संपली.
नॉर्वेच्या या टोकाला जूनमध्ये रात्र होत नाही,
म्हणून कामही संपत नाही.

बंदरावरचे लोक आम्हाला पाण्यात पाहतात.
त्यांचं काही चुकत नाही.
आम्ही जिथे रंग भरू
तिथे उद्या कुणी कचेरीत बसून रेघ ओढणार,
आणि रेघेच्या आत जाळ्याला मनाई.

आठव्या दिवशी आयलर्ट आला.
ऐंशीच्या पुढचा, डाव्या हाताचं एक बोट अर्धं.
तेलकट वही टेबलावर ठेवली,
वरचा हात मात्र काढला नाही.

वहीत नकाशा नव्हता. असं होतं:
चर्चचा मनोरा सुळक्याच्या बरोबर खाली आला,
पांढरी गुदामं दोन दिसली, तिसरं झाकलं,
की तिथे जाळं फाटतं. १९७१.
त्याखाली: पुन्हा फाटलं. १९७४.
त्याखाली, वेगळ्या शाईत:
बापाने सांगितलं होतं.

जागांना नावं होती.
सासूचा दात. उपाशी उथळ. देव विसरला ती खाच.
आमच्याकडे त्यांना आकडे होते.

सासूच्या दातावर कॅमेरा सोडला.
दोनशे चाळीस मीटर. काळोख, काळोख,
आणि दिव्यात एकदम
पांढरं, फिकट गुलाबी, फांद्यांना फुटलेल्या फांद्या,
मधोमध एक लाल मासा
झोपमोड झाल्यासारखा आमच्याकडे बघत.
पुढे दोन सरळ चर.
चरांमध्ये चुरा, गुडघाभर.
चुऱ्यात हिरवा दोर.

"माझा आहे," आयलर्ट म्हणाला.
कुणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता.
मग तोच म्हणाला,
"जाळ्यात आलेला एक तुकडा बोरघिल्डने
खिडकीत ठेवलाय. दर शनिवारी पुसते.
आम्हाला वाटायचं, कसलंतरी हाड असेल."

त्याने वही माझ्याकडे सरकवली.
"दाताभोवती ओढा रेघ. जाड ओढा.
पण उपाशी उथळ बाहेर ठेवा.
नातू तिथेच जातो. त्याच्या बोटीचं कर्ज अजून..."
वाक्य त्याने तिथेच सोडलं,
नांगर सोडावा तसं.

उपाशी उथळावरून आम्ही चौथ्या दिवशीच गेलो होतो.
आवाज तिथूनही कडक परतला होता,
फांद्यांवर आपटून यावा तसा, तुटक तुटक.
फक्त मला माहीत होतं. कॅमेरा अजून सोडायचा होता.

मी मान हलवली.
होकाराची हलवली की कशाची,
त्याला कळलं नाही,
आणि सगळा तळ मोजत बसलेल्या मलाही
थांग लागला नाही.