मादालेनाच्या खर्चाची वही

सोमवार. पाव, दोन कांदे, काडेपेटी.
बंदरात बांधलं असतं तर रात्रीचे पंचेचाळीस युरो,
म्हणून भूशिराच्या आडोशाला, फुकटात.
गाविनो पुढे ओणवा होऊन पाण्यात बघतो.
काळं दिसतं ते गवत, तिथं नांगर टाकायचा नाही.
फिकट हिरवी ती वाळू.
तो हात वर करतो, मी इंजिन मागे घेते,
साखळी खडखडत जाते
आणि बाविसाव्या मीटरला घर होतं.

बोट घेतली ओरिस्तानोच्या एका विधवेकडून.
मादालेना हे तिचंच नाव.
बदलायचं तर रंग लागतो, रंगाला पैसे लागतात.
तेव्हा गेली सहा वर्षं माझा नवरा
दुसरीच्या नावात झोपतो.
मीही.

आमच्या समुद्राला भरती-ओहोटी नसल्यात जमा.
वीतभर चढतो, वीतभर उतरतो.
एक तारखेला पोस्टाची पेन्शन येते
तेव्हा आमचंही तसंच.

पाणी मात्र मोजून.
भांडी खाऱ्यात, शेवटचा हात तेवढा गोड्याचा.
केस रविवारी, पुळणीवरच्या फुकट शॉवरखाली.
मागे जर्मन पोरं टॉवेल घेऊन ताटकळत असतात
आणि मी मुद्दाम
दुसऱ्यांदा साबण लावते.

कार्लोफोर्तेच्या बाचिच्चाने
होडीतूनच एक ऑक्टोपस आमच्या डेकवर फेकला.
"सातच हात आहेत याला, गिऱ्हाईक नाक मुरडतं."
गाविनोने त्याचा पंप दुरुस्त केला होता, त्याची ही फेड,
पण दोघांनीही तसं म्हटलं नाही.
वहीत लिहिलं: ऑक्टोपस, शून्य.
तासभर शिजवला. सातांत काही उणं नव्हतं.

मग तीन दिवस मिस्त्राल.
पुढचं शीड पुन्हा उसवलं, जुन्याच टाक्याशेजारी.
मेणाचा दोरा, जाड सुई, तळहाताला चामड्याची पट्टी.
मी शिवत बसले, तो समोर जेवत होता.
आमची ती कडक, कागदासारखी भाकर
हा माणूस जन्मभर कडाकडा मोडून खात आला.
आज वाइनमध्ये बुडवून, मऊ होईतो थांबून.
"एकाच बाजूने चावतोयस."
"वारा बदलला," म्हणाला, "बाजू बदलली."
दोन रात्री तो लवंग चघळत होता
आणि मला वाटत होतं, वास मसाल्याच्या फळीवरून येतोय.

बोझाच्या नदीत शिरलो.
कातडी कमावण्याच्या जुन्या कारखान्यांपाशी,
जिथं कुणी पैसे मागत नाही,
तिथं भिंतीला दोर बांधला.
डॉक्टर मास्सिदांनी आरसा घालून पाहिलं.
वाचवायचा तर सातशे.
काढायचा तर नव्वद.

कॉफीच्या डब्यात चारशे दहा होते, नव्या शिडाचे.
डबा माझ्या मांडीवर, पिशवीत.
गाविनोने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.
"काढा," म्हणाला.

थांबा, असं मला म्हणता आलं असतं.
सातशे कुठून आणले असते, हा पुढचा प्रश्न.
हप्ते असतात. बहीण आहे साssसारीला.
पण माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा,
खोटं कशाला बोलू,
पांढरंशुभ्र, कोरं कापड होतं
वाऱ्याने गच्च भरलेलं.

दंतवैद्य: नव्वद. कापूस, बर्फ: दोन चाळीस.
न बोललेल्या शब्दाला वहीत रकाना नाही.

आता त्याचा प्रत्येक स शिट्टी होऊन निघतो.
रात्री डोलकाठीच्या तारा वाजायला लागल्या
की अंधारात कूस बदलून सांगतो,
"सकाळी सरेल. सोड. सगळं ठीक आहे."
आणि मला वारा
आतून ऐकू येतो, बाहेरून ऐकू येतो.

शीड अजून घेतलेलं नाही.
डब्यात तीनशे वीस.